ख्याल कुठल्या रकान्यात भरायचा?

अमेरिकेतल्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांची एंट्री भरताना कलाकाराचं नाव, लेबल, प्रकाशनाची तारीख, वादकांची यादी हे सगळं दोन बैठकांत उरकतं. घोडं अडतं ते विभागापाशी. समोर शुद्ध कल्याणातला बावन्न मिनिटांचा ख्याल असतो, आधी विलंबित एकताल, मग मध्यलय तीनताल. ख्याल, ध्रुपद, ठुमरी आणि कर्नाटक संगीत यांना मिळून ज्या यादीत एकच दार आहे, त्या यादीत तो बसवायचा असतो. त्याच दारातून निम्मं जग आत शिरू पाहत असतं. २०२१ च्या सोहळ्यात ‘ग्लोबल म्युझिक अल्बम’ला नामांकन मिळालेले पाच जण आठवून पाहा: नायजेरियाचा बर्ना बॉय, न्यूयॉर्कचा अँटिबालास हा आफ्रोबीट वाजवणारा ताफा, ब्राझीलची बेबेल जिल्बर्टो, सहारातले तुआरेग गिटारवादक टिनारीवेन आणि सतारीवर अनुष्का शंकर. या पाचांना एकाच तराजूत तोलायला कोणतं माप वापरलं असेल? सूर, लय, मांडणी, काहीच समान नाही. समान आहे ते एवढंच की यातलं काही अमेरिकी पॉप, रॉक, कंट्री किंवा जॅझ नाही. बर्ना बॉय जिंकला. त्याच्या कामाबद्दल आदरच आहे, तक्रार मापाबद्दल आहे.

शास्त्रीय आणि उपशास्त्रीय गाण्याच्या छोट्या प्रकाशनांसाठी आम्ही या एंट्र्या तयार करतो. त्यात काय काय करावं लागतं आणि कुठे काय बिघडतं, ते इथे लिहितो आहोत, कारण निम्मं नुकसान मतदान सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आपल्याच घरात होऊन गेलेलं असतं.

पहिलं नुकसान तारखेचं. ६७ व्या ग्रॅमीसाठी १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या काळात प्रकाशित झालेलंच ध्वनिमुद्रण चालणार होतं. ६८ व्यासाठी ३१ ऑगस्ट २०२४ ते ३० ऑगस्ट २०२५. आपल्याकडे अल्बम काढायचा मुहूर्त गणपतीत किंवा दिवाळी पहाटेला असतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, म्हणजे मुदत संपायच्या तीन दिवस आधी. गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या वितरकाकडे फाइल अडकली, मुखपृष्ठावरचं नाव आणि माहितीतलं नाव जुळलं नाही, की चार-पाच दिवस सहज जातात आणि अल्बम पुढच्या वर्षात ढकलला जातो. दिवाळीच्या प्रकाशनाची अडचण उलटी: ते मुदतीच्या सुरुवातीला पडतं आणि पहिल्या फेरीचं मतदान येईपर्यंत जवळजवळ वर्ष उलटून ते लोकांच्या कानातून गेलेलं असतं. म्हणून आम्ही जानेवारी ते जून ही तारीख सुचवतो आणि फाइल्स किमान चार आठवडे आधी वितरकाकडे देतो.

नुसतं यूट्यूबवर टाकलेलं गाणं धरत नाहीत. ध्वनिमुद्रण अमेरिकेत विकत किंवा पैसे भरून ऐकायच्या स्ट्रीमिंग सेवेवर उपलब्ध असावं लागतं, त्याला प्रकाशनाची तारीख आणि आयएसआरसी क्रमांक असावा लागतो. हा क्रमांक बारा अक्षरांचा: पहिली दोन अक्षरं देशाची किंवा क्रमांक देणाऱ्या संस्थेची, पुढची तीन नोंदणीधारकाची, मग वर्षाचे दोन आकडे, शेवटचे पाच आकडे त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचे. घोळ होतो तो एकच ट्रॅक दोन वितरकांकडून दोनदा चढवल्यावर. एकाच गाण्याला दोन क्रमांक पडतात, दोन तारखा पडतात, आणि मग खरं प्रकाशन कोणतं हे आपल्यालाच सिद्ध करत बसावं लागतं. आधी मैफिलीचा तुकडा म्हणून कुणी तेच गाणं चढवलं असेल तर आणखी पंचाईत, कारण अल्बममधलं ७५ टक्क्यांहून अधिक ध्वनिमुद्रण नवं आणि पूर्वी अप्रकाशित हवं. ‘नवं’ म्हणजे प्रकाशनाच्या आधीच्या पाच वर्षांत मुद्रित झालेलं.

पाच वर्षांची ही अट आपल्या संगीताच्या मुळावर येते. महाराष्ट्रात कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर स्पूल टेप पडून आहेत. गावोगावचे संगीतोत्सव, घरगुती मैफिली, गुरूंनी शिष्याला शिकवताना चालू ठेवलेलं यंत्र. त्यातलं काही प्रथमच बाहेर येतं तेव्हा ऐकणाऱ्याला ते नवंच असतं. पण स्पर्धेच्या दृष्टीने ते ‘हिस्टॉरिकल अल्बम’. तिथे मान कुणाला, तर संकलन करणाऱ्या निर्मात्यांना आणि टेप स्वच्छ करणाऱ्या, मास्टरिंग म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा ध्वनिसंस्कार करणाऱ्या अभियंत्यांना. त्यांचं काम मोठं आहेच. पण गाणाऱ्याच्या गळ्याचा न्याय तिथे होत नाही, आणि दुसरीकडे कुठे होण्याची सोयही नाही. हे माहीत नसताना जुन्या टेपचा अल्बम ‘ग्लोबल’मध्ये पाठवला तर तो अपात्र ठरतो, एवढंच.

लांबीची अट मात्र, ऐकून बरं वाटेल, आपल्याला सोयीची आहे. अल्बम म्हणजे किमान पाच वेगळे ट्रॅक आणि एकूण १५ मिनिटं, किंवा ट्रॅक कितीही असोत पण एकूण ३० मिनिटं. म्हणजे एकच राग, एकच ट्रॅक, बावन्न मिनिटं, हासुद्धा रीतसर अल्बम आहे. खरी अडचण ‘ग्लोबल म्युझिक परफॉर्मन्स’मध्ये येते, कारण तिथे एकेका ट्रॅकचा विचार होतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. तानपुरे जुळून वाजू लागतात, गायक षड्ज लावतो, चार-सहा सुरांत रागाचं तोंड दाखवतो, मुखडा घेऊन समेवर येतो, तबल्याचा ठेका सुरू होतो, आणि इथवर पोचेपर्यंत तीन मिनिटं सरलेली असतात. शेकडो ध्वनिमुद्रणं ऐकायला बसलेला मतदार तीन मिनिटांत पुढे जातो, आणि त्याला दोष तरी किती द्यायचा? जे ऐकायचं ते वीस मिनिटांनंतर येणार असतं, बढत करत गायक तार षड्जाला पोचतो तेव्हा.

त्यामुळे मास्टरिंगच्या वेळीच ठरवावं लागतं की मध्यलयीची किंवा द्रुत बंदिश वेगळा ट्रॅक करायची. विलंबित संपून पुढच्या बंदिशीचा मुखडा उचलण्याआधी क्षणभर नुसते तानपुरे ऐकू येतात. कात्री तिथे चालवायची. तबल्याची आस पूर्ण विरली पाहिजे आणि गायकाचा पुढचा श्वास पुढच्या ट्रॅकमध्ये गेला पाहिजे. आवाज उतरवत न्यायचा नाही, दोन ट्रॅकमध्ये शून्य सेकंदांचं अंतर ठेवायचं, म्हणजे सलग ऐकणाऱ्याला जोड लागत नाही. दोन्ही ट्रॅकना वेगळा आयएसआरसी. हे प्रकाशनानंतर सुचलं तर उपयोग नाही. एंट्रीसाठी नवा तुकडा कापून पाठवता येत नाही, जे बाजारात आहे तेच पाठवावं लागतं. असं कापणं आम्हाला आवडत नाही. गवयाने एका बैठकीत उभी केलेली वस्तू दोन फाइल्समध्ये ठेवताना दर वेळी जिवावर येतं.

वितरकाच्या फॉर्मवर शैली निवडतानाही एक खड्डा आहे. ‘क्लासिकल’ निवडू नका. त्या एका शब्दाने तुमचं ध्वनिमुद्रण पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या नियमांत जातं: रचनाकार कोण, कृतीचं नाव काय, तिचे भाग किती, संचालक कोण. ‘राग शुद्ध कल्याण, विलंबित एकताल’ हे त्यांना कृतीचं नाव वाटत नाही आणि रचनाकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं की प्रश्न येतात. ‘इंडियन क्लासिकल’ असेल तर तेच घ्या. बंदिशीचा रचनाकार माहीत असेल तर त्याचं नाव जरूर द्या, टोपणनाव बऱ्याचदा बंदिशीतच गुंफलेलं असतं. माहीत नसेल तरच ‘पारंपरिक’.

आता विभाग. सतारीचाच प्रवास पाहा. १९६८ च्या सोहळ्यात रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन यांना पुरस्कार मिळाला तो ‘चेंबर म्युझिक’ या विभागात, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या दालनात. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा विभाग १९९२ च्या सोहळ्यापासून सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो मिकी हार्टच्या तालवाद्यांच्या अल्बमला मिळाला, ज्यात झाकिर हुसेन होते. १९९४ मध्ये विश्वमोहन भट्टांना अमेरिकी गिटारवादक राय कूडरबरोबर याच विभागात. २००२ मध्ये रविशंकरांना कार्नेगी हॉलमधल्या मैफिलीच्या अल्बमसाठी पुरस्कार मिळाला तो ‘वर्ल्ड’मध्ये. चौतीस वर्षांत ‘चेंबर’ची ‘वर्ल्ड’ झाली, वादक तोच.

पुढे २००४ मध्ये ‘वर्ल्ड’चे ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असे दोन भाग झाले. आमच्या मते ती त्या यादीची सगळ्यात शहाणी अवस्था होती. ख्यालाला निदान फ्यूजनशी झुंजावं लागत नव्हतं. २०११ मध्ये एकूण विभाग १०९ वरून ७८ वर आणले गेले, त्यात हे दोन्ही पुन्हा एक झाले. २०२० मध्ये ‘वर्ल्ड’ हा शब्द वसाहतवादी वासाचा म्हणून नाव ‘ग्लोबल’ केलं. नाव बदललं, भिंती तशाच राहिल्या. नंतर ‘ग्लोबल परफॉर्मन्स’ हा एक विभाग वाढला, त्याचा पहिला पुरस्कार २०२२ मध्ये पाकिस्तानी गायिका अरूज आफताब यांना मिळाला. आणि २०२४ पासून आफ्रिकी संगीताला स्वतंत्र विभाग मिळाला, हे न्यायाचंच झालं.

याच्या शेजारी कंट्री संगीत ठेवून पाहा. २०१६ मध्ये बियॉन्सेचं एक गाणं कंट्रीच्या समितीने आपलं मानलं नाही. २०२५ मध्ये तिचा अल्बम कंट्री विभागात आणि वर्षाचा अल्बम म्हणूनही जिंकला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जाहीर झालं की २०२६ पासून कंट्री अल्बमचे ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असे दोन विभाग होतील. एका देशातल्या एका शैलीला परंपरा आणि आज यांत भेद करण्याची सवलत लगेच मिळाली. जगातल्या उरलेल्या परंपरांना तीच सवलत आठ वर्षं देऊन काढून घेतली, ती आजतागायत परत दिलेली नाही. आमची सगळी चीड या एका गोष्टीत आहे.

विभाग ठरवण्याचा अंतिम अधिकार एंट्री भरणाऱ्याचा नसतो. वेगवेगळ्या क्षेत्रांतले साडेतीनशेहून अधिक जाणकार बसून प्रत्येक एंट्री योग्य जागी आहे का ते तपासतात आणि हलवतातही. २०२१ मध्ये केसी मस्ग्रेव्हजचा अल्बम कंट्रीतून पॉपमध्ये गेला, २०२२ मध्ये निकी मिनाजचं गाणं रॅपमधून पॉपमध्ये. टायलर, द क्रिएटर यांनी २०२० मध्ये रॅपचा पुरस्कार हातात घेऊनच मंचामागे सांगितलं होतं की आमच्यासारखे दिसणारे लोक शैलींच्या सीमा ओलांडून काही करतात तेव्हा त्यांना रॅप किंवा ‘अर्बन’मध्येच टाकलं जातं. एवढ्या मोठ्या नावांची ही गत, तर मालकंस आणि मारवा यांतला फरक त्या खोलीत कोण सांगणार?

तरीही निवड विचारपूर्वक करता येते, हे २०२४ ने दाखवलं. बेला फ्लेक, एडगर मायर, झाकिर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्या एकाच अल्बमला ‘समकालीन वाद्यसंगीत’ या विभागात पुरस्कार मिळाला आणि त्याच अल्बममधल्या ‘पश्तो’ या रचनेला ‘ग्लोबल परफॉर्मन्स’मध्ये. त्याच रात्री ‘ग्लोबल अल्बम’ ‘शक्ती’ या ताफ्याला मिळाला, ज्यात झाकिर हुसेन होते, म्हणजे झाकिरभाईंचे तीन पुरस्कार. अल्बम एका दालनात आणि त्यातला ट्रॅक दुसऱ्या दालनात पाठवता येतो, हे वाद्यसंगीत करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. बासरी, संतूर, सरोद यांच्या जुगलबंदीला, विशेषतः परदेशी वाद्य सोबत असेल तर, ‘समकालीन वाद्यसंगीत’ हे खुलं दार आहे. फक्त अल्बम एकाच शैलीच्या अल्बम-विभागात जाऊ शकतो, त्यामुळे ‘ग्लोबल अल्बम’वर पाणी सोडावं लागतं.

अभंगाचं काय? इथे मोह होतो ‘न्यू एज, अँबियंट किंवा चँट’चा. २०२५ मध्ये चंद्रिका टंडन यांच्या वेदमंत्रांवर बेतलेल्या अल्बमला तो पुरस्कार मिळाला, आणि कृष्ण दासांच्या कीर्तनाच्या अल्बमला २०१३ मध्ये त्याच दालनात नामांकन होतं. नामाचा गजर, जप, स्तोत्र असेल तर ही जागा योग्य आहे. पण पखवाज आणि टाळांवर चढत जाणारा तुकोबांचा अभंग, ज्यात शब्दाचा अर्थ अंगावर येतो, ज्यात भांडण आहे, आर्जव आहे, त्याला ध्यानाला लावायचं पार्श्वसंगीत म्हणून पाठवणं आम्हाला पटत नाही. आम्ही तो ‘ग्लोबल’मध्येच पाठवतो. शक्यता कमी होते, हे कलाकाराला आधी स्पष्ट सांगतो.

नाट्यसंगीताला तर जागाच नाही. ‘म्युझिकल थिएटर’ हे नाव वाचून आशा वाटते, पण तो विभाग नाटकाच्या कलाकारसंचाने केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी आहे. १९११ च्या ‘मानापमान’मधलं गोविंदराव टेंब्यांच्या चालीचं पद आज कुणी वीस मिनिटं रागदारी अंगाने रंगवून गातो, ते ना पूर्ण नाटक, ना पूर्ण ख्याल. तेही शेवटी ‘ग्लोबल’.

मतदान पहिल्या फेरीत ऑक्टोबरमध्ये, नामांकनं नोव्हेंबरमध्ये, अंतिम फेरी डिसेंबर-जानेवारीत. ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचा प्रत्येक मतदार सदस्य सर्वसाधारण विभागांखेरीज जास्तीत जास्त तीन दालनांतल्या, म्हणजे विभागांच्या गटांतल्या, दहा विभागांत मत देऊ शकतो. २०२१ पर्यंत बऱ्याच विभागांत नामांकनं ठरवायला तज्ज्ञांच्या गुप्त समित्या असत; ‘द वीकेंड’ या गायकाला एकही नामांकन न मिळाल्याचा वाद पेटल्यावर त्या रद्द झाल्या. बंद दाराआडचे व्यवहार गेले ते चांगलंच झालं. पण छोट्या दालनात त्याचा परिणाम असा की आता ओळखीचं नाव पुढे जातं. अमेरिकेत दौरे करणारा, तिकडच्या वादकांबरोबर वाजवणारा कलाकार दिसतो. मिरजेत किंवा धारवाडात बसून चाळीस वर्षं घराण्याची गायकी सांभाळणारा दिसत नाही.

सगळ्यात जास्त दुखतं ते साथीदारांच्या बाबतीत. अल्बमचा पुरस्कार मुख्य कलाकाराला, आणि निम्म्याहून अधिक वेळेचं काम असलेल्या निर्मात्याला आणि ध्वनि-अभियंत्याला मिळतो. बावन्न मिनिटांच्या ख्यालात तबलजी जवळजवळ पन्नास मिनिटं वाजवतो. हार्मोनियमवाला गायकाच्या प्रत्येक सुरामागे सावलीसारखा असतो. पण त्यांची नावं ‘साथ’ म्हणून गेली असतील तर ट्रॉफी त्यांची नाही. राकेश चौरसियांचं नाव त्या अल्बमवर ‘फीचरिंग’ म्हणून मुखपृष्ठावरच होतं, म्हणून ते विजेते ठरले. एका शब्दाचा हा फरक आहे आणि तो प्रकाशनाच्या दिवशी ठरतो. एंट्रीतलं श्रेय प्रकाशित श्रेयाशी जुळावंच लागतं, मागाहून वाढवता येत नाही. गायकाशी ही गोष्ट बोलायला संकोच वाटतो, तरी आम्ही बोलतो. बहुतेक गवई एका क्षणात हो म्हणतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

यादीत नसलेल्याला मान मिळत नाही, हे आपल्याला घरचंच उदाहरण आहे. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ पासून सुरू झाले तेव्हा पार्श्वगायनाला विभागच नव्हता. लता मंगेशकरांनी त्याबद्दल ठाम भूमिका घेतली आणि १९५९ मध्ये तो सुरू झाला, पहिला पुरस्कारही त्यांनाच मिळाला. पण पुढे कितीतरी वर्षं गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार होता. ग्रॅमीतही लॅटिन जॅझचा विभाग २०११ मध्ये काढला गेला, बॉबी सनाब्रियांसारख्या वादकांनी सभा घेतल्या, निदर्शनं केली, कोर्टात गेले, आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. विभाग वाढवण्याचा प्रस्ताव सदस्यांना दर वर्षी मांडता येतो. अमेरिकेत शिकवणारे, शाळा चालवणारे हिंदुस्तानी आणि कर्नाटक कलाकार बरेच आहेत. सदस्य होऊन त्यांनी ‘पारंपरिक’ विभागाचा प्रस्ताव एकत्र मांडावा, एकेकट्याने पत्रं लिहू नयेत, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

पुरस्कार मिळाला तरी बहुतेक विभागांचं वाटप मुख्य प्रक्षेपणाआधी दुपारी उरकतं. २ फेब्रुवारी २०२५ च्या मुख्य सोहळ्यात दिवंगत कलाकारांच्या स्मरणात झाकिर हुसेन यांचं नाव पडद्यावर आलं नाही. जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि वर्षापूर्वी त्याच शहरात त्यांनी तीन पुरस्कार घेतले होते.

एंट्री पाठवण्याआधी शेवटचा कागद तपासायचा तो नावांचा. गायक, तबला, हार्मोनियम, असेल तर सारंगी, ध्वनि-अभियंता, निर्माता, बंदिशीचे रचनाकार. नावांचं स्पेलिंग वितरकाकडे, मुखपृष्ठावर आणि एंट्रीत अक्षरशः एकच हवं. ‘कुलकर्णी’ची तीन स्पेलिंगं तीन ठिकाणी गेली की तीन माणसं होतात. मग तानपुरा. मागे बसलेले दोन शिष्य, बावन्न मिनिटं न थांबता तारा छेडणारे. वितरकाच्या वाद्यांच्या यादीत तानपुरा नसला तर ‘इतर’ निवडून हाताने लिहायचं आणि पुढे दोघांचीही पूर्ण नावं द्यायची.